मूल्य देणारा अध्यापक : कै. गोपाळ गणेश आगरकर

आमच्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी जे अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात दाखल होतात, त्यांस तेथे गणित व पदार्थविज्ञान यांच्या जोडीला आणखी एक विषय भेटतो. सार्वत्रिक मानवी मूल्ये असे त्याचे नाव. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने गेल्या काही वर्षांत हा विषय तरुणांच्या अभ्यासक्रमात आणला, आणि हेतू उत्तम आहे यात शंका नाही. परंतु पुष्कळ सुज्ञ पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, तो असा की, सत्य, न्याय, समता, दया ह्या गोष्टी फळ्यावर लिहून शिकविता येतात काय? आणि ज्या वर्गात अनेक धर्मांची मुले मांडीला मांडी लावून बसतात, त्या वर्गात त्या कोणत्या ग्रंथाच्या आधारे शिकवाव्या?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपल्या बुद्धीने देऊ पाहण्यापेक्षा, ज्याने ते आपल्या सर्व आयुष्याने दिले अशा एका महाराष्ट्रीय अध्यापकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अधिक योग्य वाटते. मूल्य ह्या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक अर्थ योग्यता, दुसरा किंमत. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहतात ते उगीच नव्हे. ज्या गोष्टीसाठी आपण काहीच मोजले नाही, ती आपल्याला मोलाची आहे असे आपण कितीही सांगितले तरी ऐकणाऱ्याला ते पटत नाही. गोपाळ गणेश आगरकर यांनी आपल्या विद्यार्थ्यांस जी मूल्ये शिकविली, त्यांची किंमत त्यांनी स्वतः आधी मोजली होती. त्यांच्या शिकवणीचे सारे रहस्य आमच्या मते एवढ्यातच आहे.

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू ह्या कृष्णाकाठच्या खेड्यात १४ जुलै १८५६ रोजी झाला. घर ब्राह्मणाचे, पण दारिद्र्य पराकाष्ठेचे. पोटापुरते अन्न जेथे कष्टाने मिळे, तेथे इंग्रजी शिक्षणाचा खर्च कोण करणार? मुलाचे काही शिक्षण कऱ्हाडास आजोळी झाले. पुढील मार्ग दिसेना म्हणून त्याने लहान वयात कचेरीत उमेदवारी केली. शिकण्याची ओढ स्वस्थ बसू देईना, तेव्हा तो सह्याद्रीचा घाट उतरून पायी रत्नागिरीस गेला. तेथे आश्रय न मिळाल्यामुळे त्याला तसेच परतावे लागले. मग काही दिवस दवाखान्यात औषधे देण्याचे काम केले, आणि अखेर एका नातलगाच्या आधाराने तो वऱ्हाडात अकोल्यास गेला. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुणग्राही शिक्षक त्याला लाभले, आणि त्यांनी ह्या हुशार पण निर्धन मुलाला हात दिला. १८७५ मध्ये आगरकर मॅट्रिक झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास येऊन डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

डेक्कन कॉलेजातील त्यांच्या दिवसांविषयी एक आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर सांगतात. आगरकरांजवळ अंगात घालावयास सदरा एकच होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालीत आणि सकाळी तोच घालून वर्गात जाऊन बसत. विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट ऐकून आगरकरांची कीव करू नका, कारण त्यांनी स्वतः आपली कीव केल्याचे कोठे दिसत नाही. शिष्यवृत्ती, वर्तमानपत्रांतील लेखन आणि मित्रांचे साह्य यांवर त्यांनी १८७८ मध्ये बी. ए. ची परीक्षा दिली व पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. चा अभ्यास केला. इंग्लंडातील मिल व स्पेन्सर ह्या तत्त्ववेत्त्यांचे ग्रंथ त्यांनी ह्याच काळी मनःपूर्वक वाचले. कोणतेही मत प्राचीन आहे, किंवा थोरांनी सांगितले आहे, एवढ्यावरून ते खरे मानू नये, पुराव्याने सिद्ध झाले तरच मानावे, ही शिस्त त्यांच्या बुद्धीला येथे लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही.

त्या काळी एम. ए. झालेला मनुष्य म्हणजे समाजात दुर्मीळ रत्नच. सरकारी नोकरीत त्याला मोठा पगार, मान आणि अधिकार हमखास मिळे. मुलगा मोठा हुद्देदार होईल आणि घरचे दैन्य फिटेल अशी आशा त्याच्या आईने उराशी धरली असल्यास त्यात नवल ते काय? आणि नेमक्या ह्याच वेळी आगरकरांनी आपल्या आईला एक पत्र लिहिले. आपण मोठ्या पगाराच्या चाकरीत जाणार नाही, पोटापुरते मिळाले की त्यात संतोष मानू आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी वेचू, अशा अर्थाचे ते पत्र होते. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात हे पत्र प्रसिद्ध आहे. आम्हांस त्यातील त्यागापेक्षाही एक निराळी गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. त्यागाची किंमत त्यागी पुरुष एकटाच मोजीत नाही. त्याची आई, त्याची पत्नी, त्याची मुले यांनाही त्यातला वाटा उचलावा लागतो. आगरकरांना हे कळत होते, म्हणूनच त्यांनी आईपासून काही लपवून न ठेवता तिला ते आधी सांगितले.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली. दोघेही सारख्याच वयाचे, दोघेही बुद्धिमान, आणि दोघांनाही एकच ध्यास की, ह्या देशाची उन्नती शिक्षणावाचून होणार नाही, आणि ते शिक्षण आपल्या लोकांनी आपल्या हाती घेतले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर एम. ए. होताच पुढील वर्षी त्यांस येऊन मिळाले. ही शाळा सरकारी नव्हती आणि मिशनचीही नव्हती. मिशनच्या शाळांविषयी चिपळूणकरांचे मत प्रतिकूल होते, हे मिशनच्या शाळेत शिकविणाऱ्या आम्ही शिक्षकांनी मोकळेपणाने सांगावयास हरकत नाही. स्वाभिमानी लोक आपली शाळा आपण काढतात, ही गोष्ट कोणत्याही शिक्षणप्रेमी मनुष्याने अभिनंदनीयच मानली पाहिजे.

१८८१ च्या जानेवारीत ह्याच मंडळींनी मराठा व केसरी ही पत्रे सुरू केली. केसरीचे संपादकत्व आगरकरांकडे आले. पुढच्याच वर्षी कसोटीचा प्रसंग ओढवला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना तेथील कारभारी छळतात अशा अर्थाचा मजकूर ह्या पत्रांत आला. त्याला ज्या पत्रांचा आधार होता ती न्यायालयात खरी ठरली नाहीत, आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या वेळी त्यांना जामिनाची गरज पडली, तेव्हा जोतीराव फुले यांच्या खटपटीने त्यांचे एक स्नेही जामीन राहिले. जोतीराव हे पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. केसरीकारांची व त्यांची मते अनेक बाबतींत भिन्न होती. तरीही संकटसमयी ते धावून गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ही कैद ज्या डोंगरीच्या तुरुंगात भोगावी लागली, ती डोंगरी म्हणजे आपल्या उत्तनजवळचे डोंगरी गाव नव्हे. मुंबई शहरातील डोंगरी ती. तेथे ह्या दोघा मित्रांनी एकशे एक दिवस काढले. एका कोठडीत बसून देशाची स्थिती, समाजाचे दोष आणि पुढे काढावयाचे महाविद्यालय यांविषयी त्यांनी रात्रीच्या रात्री वाद घातले. आगरकरांनी पुढे ह्या दिवसांवर एक पुस्तक लिहिले. ते वाचताना तुरुंगातील कष्टांपेक्षा त्यांच्या विनोदाचीच आठवण अधिक राहते. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे त्यांनी केलेले विकारविलसित हे मराठी रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेथील आजीव सभासदांना दरमहा सुमारे पंचाहत्तर रुपये मिळत. ज्या गृहस्थांना सरकार याच्या कितीतरी पट देण्यास तयार होते, ते येथे आनंदाने काम करीत. आगरकर कॉलेजात इतिहास, तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान अशा विषयांचे अध्यापन करीत. त्यांचा एक ग्रंथ मराठी वाक्याच्या रचनेवर आहे हेही येथे सांगितले पाहिजे. वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण असे त्याचे नाव. वाक्याचे अवयव सुटे करून प्रत्येकाचे काम काय ते पाहणे, ही त्यांच्या बुद्धीची सवयच होती. समाजाच्या रूढींकडेही ते त्याच नजरेने पाहत. ही चाल कोठून आली? हिचा उपयोग काय? हिच्यामुळे कोणाला सुख होते आणि कोणाला दुःख? दुःख होत असेल तर ती चालू ठेवण्यास कारण कोणते?

आता आमच्या विषयाच्या गाभ्याशी आपण आलो. त्या काळी सुधारणेचा कैवार घेणारे थोर पुरुष महाराष्ट्रात अनेक होते. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे विद्वान धर्मग्रंथांतील वचने शोधून काढीत आणि विधवेचा पुनर्विवाह किंवा मुलींचा प्रौढपणी विवाह शास्त्राला संमत आहे असे दाखवीत. तो मार्गही उपयोगी होता. आगरकरांनी मात्र निराळा मार्ग धरला. विधवेचे केस बळजबरीने काढणे वाईट का, तर त्यामुळे एका मनुष्यप्राण्याचा अपमान होतो व त्याला यातना होतात म्हणून. एवढे कारण त्यांना पुरेसे होते. मुलीला मुलाइतकेच आणि मुलासारखेच शिक्षण का द्यावे, तर तिला बुद्धी आहे म्हणून. जन्मावरून कोणी उच्च व कोणी नीच का मानू नये, तर तसे मानण्यास कोणताही पुरावा नाही म्हणून. त्यांच्या युक्तिवादाचा पाया कोणत्याही एका धर्माच्या ग्रंथावर नव्हता. त्यामुळे त्यांचे म्हणणे हिंदूने ऐकावे, मुसलमानाने ऐकावे, पारशाने ऐकावे किंवा ख्रिस्त्याने ऐकावे, प्रत्येकाला ते आपल्याच घराविषयी आहे असे वाटून जाई. आज ज्यांना सार्वत्रिक मानवी मूल्ये म्हणतात, ती महाराष्ट्रात तरुणांना शिकविण्याचा हा फार मोठा प्रयत्न होता.

मात्र ज्या मताला लोक अनुकूल असतात ते मत सांगण्यास किंमत पडत नाही. आगरकरांच्या मतांना लोक अनुकूल नव्हते. केसरीच्या चालकांमध्ये मतभेद वाढत गेले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, आणि सामाजिक सुधारणेसाठी परक्या सरकारचा कायदा घ्यावा की नाही, ह्या प्रश्नांवर टिळक व आगरकर यांची मने जुळेनात. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी सुधारक हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. १८९० मध्ये संस्थेच्या कारभारातील मतभेदांमुळे टिळकही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. डोंगरीच्या एका कोठडीत ज्यांनी उद्याच्या महाविद्यालयाची स्वप्ने पाहिली, ते दोघे मित्र आता आपापल्या पत्रांतून एकमेकांवर टीका करू लागले. ह्या वादात उभय पक्षी कठोर शब्द वापरले गेले. आगरकरांच्या लेखणीलाही कधी कधी नको इतकी धार येई, आणि ज्यांना समजावून सांगावयाचे तेच दुखावले जात. थोर पुरुषांचे चरित्र सांगताना त्यांच्या अंगी दोष नव्हते असे भासविणे हे आगरकरांना तरी खचित आवडले नसते.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलींच्या बाबतीत ही वयोमर्यादा पूर्वी दहा वर्षांची होती, ती ह्या कायद्याने बारा झाली. आज आपल्याला बारा हे वयसुद्धा ऐकून धक्का बसतो. त्या वेळी मात्र ह्या दोन वर्षांच्या वाढीवरून सारे पुणे पेटले होते. आगरकरांनी कायद्याला उघड पाठिंबा दिला. लोकांचा रोष इतका झाला की, त्यांच्या प्रतिमेची तिरडी बांधून ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली, आणि तीही त्यांच्या दारावरून. आपली प्रेतयात्रा आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग क्वचितच कोणा अध्यापकावर आला असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन उभे राहताना त्या मनुष्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आमच्याच्याने करवत नाही. त्यांनी शिकविणे थांबविले नाही आणि लिहिणेही थांबविले नाही.

आता त्यांच्या घरातील एक गोष्ट. आगरकरांचा विवाह १८७७ मध्ये यशोदाबाईंशी झाला होता. आगरकर ईश्वराच्या अस्तित्वाविषयी अज्ञेयवादी होते, म्हणजे ईश्वर आहे किंवा नाही हे मनुष्याला निश्चयाने कळणे शक्य नाही असे ते मानीत. यशोदाबाई मात्र श्रद्धाळू होत्या. व्रते, पूजा, सोवळे त्यांनी सोडले नाही, आणि आगरकरांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जो मनुष्य जाहीरपणे रूढींवर इतके कडक प्रहार करी, तो आपल्या स्वयंपाकघरात मात्र पत्नीच्या मताचा मान राखी. कोणी यास विसंगती म्हणेल. आम्हांस तर ही त्यांच्या शिकवणीची कसोटी वाटते. दुसऱ्याच्या विचारस्वातंत्र्याचा कैवार घेणे सोपे आहे, जोवर तो दुसरा आपल्या घरात आपल्या विरुद्ध मताचा नसतो तोवर. मते पटवून द्यावी, लादू नये, हे तत्त्व आगरकरांनी जेथे पुरुषाची सत्ता सर्वांत अधिक चाले तेथे पाळून दाखविले.

१८९२ च्या ऑगस्ट महिन्यात प्रिन्सिपल वामन शिवराम आपटे यांचे निधन झाले आणि फर्ग्युसन कॉलेजच्या प्रिन्सिपलपदाचा भार आगरकरांवर आला. दम्याच्या विकाराने त्यांचे शरीर आधीच खिळखिळे झाले होते. श्वास लागून रात्र रात्र बसून काढावी आणि सकाळी कॉलेजात जावे असा क्रम चालला. ह्याच काळात, १८९३ मध्ये, त्यांच्या कॉलेजातील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला. त्या वेळच्या समाजात अशा अध्यापकाला आपल्या जागी निर्धास्तपणे काम करू देणारे विद्यालय आणि असा प्रिन्सिपल असणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे ह्याच कर्व्यांनी स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य उभे केले आणि १९१६ मध्ये महिलांचे विद्यापीठ स्थापिले, हे सर्वश्रुत आहे.

१७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मृत्यूनंतर त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली. आपल्या अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरण्याची वेळ घरच्यांवर येऊ नये, म्हणून त्यांनी थोडे पैसे तीत बाजूला काढून ठेवले होते असे सांगतात. एका मोठ्या महाविद्यालयाच्या प्रिन्सिपलची ही शिल्लक! टिळकांनी केसरीत आपल्या ह्या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. वाद संपला होता, आणि स्नेह उरला होता.

ज्यांना त्यांचा सहवास घडला त्यांची आयुष्ये पाहिली म्हणजे त्यांच्या शिकवणीचे मोल कळते. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षांची सेवा पुरी करून बाहेर पडले आणि १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. महात्मा गांधी त्यांस आपले राजकीय गुरू मानीत. आगरकर प्रिन्सिपल असताना ज्यांनी फर्ग्युसनमध्ये शिक्षण घेतले ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले, आणि इतका मोठा मान मिळवूनही परत येऊन त्याच कॉलेजात अल्प वेतनावर प्रिन्सिपल झाले. ह्या दोघांना अधिक द्रव्य मिळविण्याची वाट मोकळी नव्हती काय? होती. परंतु ज्या ठिकाणी त्यांचे वडीलधारे पंचाहत्तर रुपयांवर संतोषाने राहिले, त्या ठिकाणी त्यागाविषयी निराळे व्याख्यान देण्याची गरजच उरली नव्हती.

येथे कोणी आम्हांस विचारील की, आपण ख्रिस्ती, आपली शाळा मिशनची, रोज सकाळी प्रार्थनेने आपला दिवस सुरू होतो. मग ज्याने ईश्वराविषयी मौन धरले अशा पुरुषाचे चरित्र आपण कौतुकाने का सांगता? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मनुष्यमात्राची योग्यता सारखी आहे ही श्रद्धा आम्ही ईश्वराच्या पितृत्वावरून शिकलो. आगरकर ती निव्वळ विवेकावरून शिकले. पायाविषयी त्यांचा व आमचा मतभेद आहे, आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आम्हांस अशा वेळी आठवतो. बापाने दोघांना द्राक्षमळ्यात कामास जाण्यास सांगितले. एकाने होकार दिला पण तो गेला नाही. दुसऱ्याने नकार दिला पण तो जाऊन राबला. बापाची इच्छा कोणी पाळली, हे त्या दाखल्यात ऐकणाऱ्यांनाच ठरवावयास लावले आहे. आगरकरांना आम्ही आपल्या पंथात ओढू इच्छीत नाही. तसे करणे त्यांच्यावर अन्याय होईल. आम्हांस एवढेच वाटते की, ज्यांनी होकार दिला आहे, त्या आम्ही सर्वांनी, मग आमचे मंदिर असो, मशीद असो, देरासर असो की देऊळ असो, मळ्यात आपण किती राबलो याचा हिशेब ह्या नकार देणाऱ्या मनुष्याच्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा.

आमच्या मिरा-भाईंदरात हा विचार विशेष अगत्याचा आहे. आमच्या एका वर्गात उत्तनच्या कोळ्यांची मुले आहेत, गावठाणातील आगऱ्यांची आहेत, गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांची आहेत, उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्यांची आहेत, आणि हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती सर्व धर्मांची आहेत. उद्या हीच मुले भाईंदर किंवा मिरारोड स्थानकावर गाडीत बसून मुंबईच्या महाविद्यालयांत जातील. तेथे त्यांना मूल्यांचा विषय शिकविला जाईल आणि त्याचे गुणही मिळतील. त्या विषयाचा अभ्यास त्यांनी मन लावून करावा. मात्र त्यांची खरी परीक्षा गाडीच्या डब्यात, भाड्याने खोली शोधणाऱ्या परधर्मी मित्राच्या प्रसंगी, बहिणीच्या शिक्षणाचा प्रश्न घरात निघाला असता, आणि सर्वजण एका बाजूला असताना सत्य दुसऱ्या बाजूला दिसेल त्या क्षणी होणार आहे. त्या परीक्षेला प्रश्नपत्रिका नसते, आणि ती केव्हा होणार हे आगाऊ कोणी कळवीत नाही.

पालकवर्गासही आमची एक नम्र विनंती आहे. आपण मुलाला खरे बोल असे सांगतो, आणि दाराशी आलेल्या मनुष्यास वडील घरी नाहीत असे त्याच्याच तोंडून सांगवितो. सर्व माणसे सारखी असे सांगतो, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पेला वेगळा ठेवतो. मुलगा व मुलगी समान म्हणतो, आणि फीचा पैसा कमी पडला की आधी मुलीचा विचार बाजूला सारतो. मुले कान बंद करू शकतात, पण डोळे बंद करीत नाहीत. आगरकरांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शब्द जितके ऐकले, त्याहून अधिक त्यांचा साधा पोशाख, त्यांचा पगार, त्यांचा दमा आणि त्यांच्या दारावरून गेलेली ती प्रेतयात्रा पाहिली. जे शिकावयाचे ते त्यांना तेथे शिकता आले.

आणि विद्यार्थिमित्रांनो, आपणांस एक सांगणे आहे. आगरकर आपल्यासारखेच मॅट्रिकच्या वर्गात बसणारे एक गरीब मुलगे होते. आपणांपैकी पुष्कळांजवळ त्यांच्याहून अधिक सदरे आहेत. एम. ए. होऊन आईला पत्र लिहिण्याचा त्यांचा प्रसंग आपणांवर कदाचित येणार नाही, पण त्या जातीचे लहान प्रसंग रोज येतील. अशा प्रसंगी आपल्याला जे मोलाचे वाटते असे आपण म्हणतो, त्यासाठी आपण काय मोजावयास तयार आहो, एवढे मनाला विचारावे. उत्तर जे येईल ते खरे असू द्यावे, मग ते लहान असले तरी चालेल. ईश्वर आपणां सर्वांस तेवढे धैर्य देवो.